पाणी कशाने बाटते? ब्रुकलिनमधल्या एका जुन्या तलावाची गोष्ट



उन्हाळ्याची सुट्टी लागली की विहारातल्या आरोग्य बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोराला पालिकेच्या तलावावर पोहायला घालू का? सगळ्या दुनियेची माणसं एकाच पाण्यात उतरतात. काही रोगबिग लागला तर?"

प्रश्न आईचा आहे, काळजीतून आलेला आहे आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. पण त्यातले एक वाक्य मला दरवेळी टोचते. 'सगळ्या दुनियेची माणसं एकाच पाण्यात.' हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे आणि तेव्हा ते आपल्याचबद्दल बोलले जात होते. ते फक्त महाडला बोलले गेले असेही नाही. सात समुद्रापलीकडे, बाबासाहेब ज्या शहरात शिकले त्या न्यूयॉर्कच्या देशातही पोहण्याच्या तलावाच्या काठावर हेच ऐकू येत होते.

त्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॅकॅरन पार्क नावाचा उघड्यावरचा सार्वजनिक तलाव आहे. तो २८ वर्षे बंद होता. २०१२ साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडला. 'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवळांसाठी राखून ठेवल्यासारखा झाला आहे, म्हणून मी तो वापरत नाही, साधी दुरुस्तीच म्हणते. त्या दुरुस्तीत काय काय करावे लागले हे समजून घेतले, तर पाणी कशाने खराब होते आणि कशाने मुळीच होत नाही, या दोन्ही गोष्टी कळतात.

तलाव बांधला गेला १९३६ साली. जगभर मंदी होती, अमेरिकेत लाखो हात रिकामे होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना सार्वजनिक कामांवर लावले. आपल्या रोजगार हमी योजनेचीच जात, फक्त कितीतरी आधीची. न्यूयॉर्कच्या उद्यान खात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी त्या पैशातून एका उन्हाळ्यात एकामागून एक अकरा मोठे तलाव उघडले. पहिला २४ जूनला, अकरावा १७ ऑगस्टला. मॅकॅरन पार्कचा नंबर आठवा, तारीख ३१ जुलै. लांबी ३३० फूट, रुंदी १६५ फूट. एका वेळी ६,८०० माणसे मावतील एवढा. समोर उंच कमानींची विटांची इमारत, तिच्यात कपडे बदलण्याची आणि अंघोळीची सोय.

एवढे मोठे तलाव कशाला, असे वाटेल. त्या जुलैत न्यूयॉर्कचे तापमान १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मोजणीने ४१ अंश सेल्सिअसवर गेले होते. कामगारांच्या चाळींत खोल्या कोंदट, न्हाणीघराची वानवा. पोरे थंडाव्यासाठी नदीत उड्या टाकत आणि शहराचे सांडपाणी त्याच नदीत पडत असे. बुडून मरायचे नाहीतर हगवणीने आजारी पडायचे. म्हणजे हे तलाव चैनीसाठी नव्हते, ते आरोग्य खात्याचेच काम होते. शाळकरी पोरांना आठवड्यातल्या सकाळी फुकट, दुपारी दहा सेंट, मोठ्यांना वीस सेंट.

आता दाराशी कोण अडत होते ते पाहू.

न्यूयॉर्कच्या तलावांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी नव्हती. कायदा तसे करू देत नव्हता. पण पाटी नसली म्हणून दार उघडे असते असे नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कोण कुठल्या मोहल्ल्यात राहतो यावरून कोण कुठल्या तलावात उतरणार हे ठरून जाई. रॉबर्ट कॅरो या लेखकाने १९७४ मध्ये मोझेस यांचे चरित्र लिहिले. त्यात एका तलावाचे पाणी मुद्दाम गार ठेवून कृष्णवर्णीयांना दूर ठेवल्याचा आरोप आहे. पुढच्या काही अभ्यासकांनी तो अमान्य केला, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही. बोलण्यासारखे इतरत्र पुष्कळ आहे.

जेफ विल्टसी या इतिहासकाराने अमेरिकेतल्या सार्वजनिक तलावांचा इतिहास लिहिला आहे. त्याने दाखवलेली एक गोष्ट वाचून मी चमकले. उत्तरेकडच्या शहरांत सुरुवातीला पुरुषांचे दिवस वेगळे आणि बायकांचे दिवस वेगळे असत. तेव्हा गोरे आणि कृष्णवर्णीय मजूर बऱ्याच ठिकाणी एकाच पाण्यात उतरत. १९२० नंतर बायका आणि पुरुष एकत्र पोहू लागले आणि तेव्हापासून कृष्णवर्णीयांना बाहेर काढणे जोरात सुरू झाले. रोगाचे कारण पुढे केले जाई. खरी भीती ही होती की गोरी मुलगी आणि काळा मुलगा एका पाण्यात दिसतील. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी, याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या परिसंवादात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून आणि त्यासाठी बाईला बंधनात ठेवून, हे त्यांनी तिथे मांडले. पाण्याच्या विटाळामागे लग्नाचे गणित असते हे तलावांच्या इतिहासातून पुन्हा दिसते.

ओहायो राज्यातल्या यंग्सटाउन गावचा एक प्रसंग सांगते. १९५१ साल. मुलांचा बेसबॉलचा संघ स्पर्धा जिंकतो, आनंदाने सगळे पालिकेच्या तलावावर जातात. संघात एकच कृष्णवर्णीय मुलगा, अल ब्राइट. त्याला कुंपणाबाहेर बसवले जाते. बाकीची पोरे आत पोहताहेत, हा बाहेरून बघतोय. मोठ्या माणसांनी फारच विनवण्या केल्यावर तोडगा निघतो. आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढायचे. मग अलला हवेच्या गादीवर बसवायचे आणि जीवरक्षकाने ती गादी ढकलत तलावाला एक फेरी मारून आणायची. अट एकच, पाण्याला हात लागता कामा नये. तो मुलगा पुढे चित्रकार आणि प्राध्यापक झाला. पण त्या दिवशी काठावर उभे राहून सगळे त्याच्याकडे पाहत होते.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. हा प्रसंग त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. वरून ओंजळीत पाणी ओतून घेणारे हात अजून आपल्या वस्त्यांत हयात आहेत.

सेंट लुइस शहरात २१ जून १९४९ रोजी पालिकेने फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला केला. सकाळी तीसेक कृष्णवर्णीय मुले पोहली. संध्याकाळपर्यंत हजारोंचा जमाव जमला आणि मुलांना मारहाण झाली. महापौरांनी त्याच दिवशी आदेश मागे घेतला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तलाव खुला करायला लावला. मग गोऱ्या लोकांनी येणेच सोडले, गर्दी रोडावत गेली आणि १९५६ मध्ये तलाव बंद झाला. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने तर त्याहून पुढची मजल मारली. सगळ्यांना घ्यावे लागते म्हटल्यावर त्यांनी तलावच बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव सगळ्यांनाच बंद असेल तर त्यात भेदभाव नाही. तुम्ही पिणार असाल तर आम्हीही पिणार नाही, विहीरच बुजवू. अशा विहिरी आपल्याकडेही आहेत.

फ्लोरिडात १९६४ च्या जूनमध्ये कृष्णवर्णीय आणि गोरे सत्याग्रही मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. फरशी आणि संडास घासायला आपण बाटलीतून आणतो त्याच जातीचे. त्याचा फोटो जगभर छापला गेला.

आता नर्स म्हणून सांगते, पाणी खरोखर कशाने बाटते. माणसाच्या अंगातून पाण्यात उतरते ते घाम, लघवी, कफ, त्वचेचे कण आणि सगळ्यात वाईट म्हणजे शौचाचा अंश. जुलाब चालू असलेले एक मूल पाण्यात उतरले तर त्याच्यामुळे इतरांना हगवण लागू शकते. ते मूल कोणत्याही जातीचे, कोणत्याही रंगाचे असो. जंतूला आडनाव कळत नाही. याला उपाय क्लोरीन. पोहण्याच्या पाण्यात दर हजार लिटरमागे किमान एक ग्रॅम मोकळे क्लोरीन टिकून राहायला हवे. पाणी फार आम्लही नको, फार क्षारीही नको. त्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान लागतो. सामू वाढला की तेवढेच क्लोरीन असूनही त्याचा जोर कमी होतो. एवढे सांभाळले तर हगवणीचे ई. कोलाय जंतू मिनिटाभरात मरतात. काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूला साधारण पंधरा-सोळा मिनिटे लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक चिवट परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही, तो दहा दिवससुद्धा तग धरतो. म्हणून जुलाब असलेल्याने पाण्यात उतरू नये हा नियम आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

अजून एक गंमत. तलावावर गेल्यावर नाकात झणझणीत वास जातो, डोळे चुरचुरतात. बायका म्हणतात, बघा किती क्लोरीन टाकलंय, पाणी स्वच्छ असणार. उलट आहे. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळले की क्लोरामाइन तयार होते आणि तो वास त्याचा असतो. उग्र वास म्हणजे पाण्यात माणसांची घाण जास्त झाली आहे. उतरण्याआधी साबण लावून अंघोळ का करायची, त्याचे कारण हेच.

एचआयव्ही तलावातून पसरत नाही. छातीचा टीबी हवेतून पसरतो, पोहण्याच्या पाण्यातून नाही. मुलीची पाळी आली म्हणून पाणी बाटत नाही. तिने टॅम्पॉन किंवा कप वापरला, तिला बरे वाटत असले, तर ती पोहू शकते. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे. विटाळ हा शब्द आपल्यावर लादला म्हणून आपण चिडतो आणि घरात मुलीला चार दिवस तोच शब्द ऐकवतो.

आता महाड आठवा. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड पालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी काय केले गेले? १०८ घागरींतून शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्र म्हणत तळ्यात ओतले. आज माझ्यासमोर दोन नमुने ठेवा. एक, माणसाने ओंजळ बुडवलेले पाणी. दोन, शेण कालवलेले पाणी. प्रयोगशाळा कोणत्या नमुन्याला 'पिण्यास अयोग्य' म्हणेल ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. तळे बाटवले कोणी, याचा निवाडा आरोग्यशास्त्राने केव्हाच केला आहे. कोर्टाचा निवाडा यायला मात्र १७ मार्च १९३७ उजाडला. म्हणजे ब्रुकलिनचा तलाव उघडून तेव्हा जेमतेम साडेसात महिने झाले होते.

परत त्या तलावाकडे. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहराचे जवळजवळ दिवाळे वाजले. माणसे कमी केली, डागडुजी थांबली. फिल्टर, पाइप, काँक्रीट, सगळे एकदम म्हातारे झाले. १९८४ पासून तलाव बंद राहिला. दुरुस्तीसाठी पैसे मंजूर होत होते, पण आजूबाजूच्या काही रहिवाशांनीच काम होऊ दिले नाही. तलाव उघडला की बाहेरची पोरे येतील, भांडणे होतील, त्यापेक्षा पाडून टाका, हा त्यांचा आग्रह. 'बाहेरची' म्हणजे कोण, हे त्या वस्तीत सगळ्यांना कळत होते. मग रिकाम्या टाकीत गवत वाढले, भिंतींवर रंगाच्या फवाऱ्यांनी नावे लिहिली गेली. २००५ नंतर काही उन्हाळे त्या कोरड्या तलावात नाच-गाण्याचे कार्यक्रम झाले. गाणे ऐकायला तरुण पोरे हजारोंनी जमली, तेव्हा शहराला आठवले की इथे पाणी असायचे. २००७ मध्ये इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पाडण्याचा विषय तिथे संपला. महापौर ब्लूमबर्ग यांनी पाच कोटी डॉलर दिले. २००९ च्या अखेरीस काम सुरू झाले.

जुना तलाव दुरुस्त करायचा म्हणजे नुसता रंग मारायचा नसतो. दिसते ते कमानी आणि फरशी. तब्येत ठरते जमिनीखालच्या पाइपांवर. जुन्या काँक्रीटला तडे गेले की पाणी बाहेर झिरपते, आणि पंप बंद पडला की बाहेरचे आत येऊ शकते. तलावातले सगळे पाणी ठरावीक तासांत एकदा गाळण्यातून फिरून आले पाहिजे. ते चक्र थांबले की क्लोरीन कितीही ओता, उपयोग नाही. त्यात उघड्यावरच्या तलावाचे एक दुखणे असते. ऊन क्लोरीन खाऊन टाकते. सकाळी घातलेले दुपारी उरत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा तपासणी करावी लागते. तळाच्या जाळ्या हा आणखी एक मुद्दा. पंपाची ओढ एवढी असते की सपाट जाळीवर लहान मूल बसले तर चिकटून राहते, केस अडकतात, मूल बुडते. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेने २००७ मध्ये कायदा केला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या केल्या.

तलावाचा आकारही कमी केला. ६,८०० माणसांच्या जागी आता १,५००. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे खटकले. गरिबांची जागा कमी केली असेच वाटले. पण जीवरक्षकाच्या बाजूने विचार केला तर पटते. सहा हजार डोक्यांत बुडणारे एक डोके कसे दिसणार? बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. खरा बुडणारा गप्प बुडतो. तोंड पाण्याच्या पातळीला असते, श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कसा? शेजारी उभ्या असलेल्या बापालाही कळत नाही. त्यामुळे नजर पोहोचेल एवढाच तलाव असावा. विटांच्या कमानी जशा होत्या तशा ठेवल्या आणि जुन्या इमारतीत बारमाही व्यायामाची जागा केली. १९३६ मध्ये पाण्यात उतरण्याआधी पाय बुडवण्याची कुंडे असत. ती पद्धत मागे पडली, कारण साचलेल्या पाण्यात शंभर पाय बुडले की ते कुंडच घाण होते. त्यापेक्षा वाहत्या पाण्याखाली पूर्ण अंघोळ बरी.

२८ जून २०१२ रोजी तलाव उघडला. प्रवेश फुकट. अंगावर पोहण्याचा पोशाख हवा आणि कपाटाला लावायला स्वतःचे कुलूप हवे, एवढेच. पहिल्या काही दिवसांत भांडणे झाली, जीवरक्षकांवर हात टाकला गेला, पोलिस आले. आम्ही सांगत होतो ना, असे म्हणणारे लगेच पुढे आले. पण या वेळी शहराने दार बंद केले नाही. बंदोबस्त वाढवला आणि तलाव चालू ठेवला. या सगळ्या कामात मला सर्वात मोलाचे वाटले ते हेच, पाइपांपेक्षाही.

दार बंद राहिल्याची किंमत कशात मोजायची? मी मृत्यूंत मोजते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते की १० ते १४ वयाची कृष्णवर्णीय मुले पोहण्याच्या तलावांत गोऱ्या मुलांच्या ७.६ पट प्रमाणात बुडून मरतात. रक्तात काही फरक आहे म्हणून नाही. आजोबाला दारातून हाकलले म्हणून बाप शिकला नाही. बापाला पोहता येत नाही म्हणून तो पोराला पाण्याची भीती घालतो. २०१७ च्या एका पाहणीत ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहणे जवळजवळ येत नव्हते, गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के होते. पाट्या उतरल्याला पन्नास वर्षे होऊन गेली तरी हे चालू आहे.

आपल्याकडे जातीनुसार बुडण्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. एकूण आकडा मात्र सरकारी नोंदीत आहे. भारतात गेल्या काही वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून जास्त माणसे बुडून मेली. जगात २०२१ मध्ये सुमारे तीन लाख, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कुठे बुडतात? दगडाच्या बंद पडलेल्या खाणीत, विहिरीत, बांधकामाच्या खड्ड्यात, धरणाच्या बॅकवॉटरला, घरातल्या पाण्याच्या पिंपात. सुरक्षित तलावाचे शुल्क परवडत नाही तेव्हा पोरे खाणीवर जातात.

मी वॉर्डात असताना अशाच एका खाणीतून आणलेला अकरा-बारा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. खाणीवर लोकांनी त्याला उलटे धरून गरगर फिरवले होते, मग पालथे घालून पोट दाबले होते. दहा मिनिटे त्यात गेली. कोणी मुद्दाम केले नाही, पिढ्यान्‌पिढ्या तेच पाहिले होते. ती दहा मिनिटे त्याच्या श्वासाची होती. म्हणून पुढचे नीट वाचा आणि घरातल्या मोठ्या मुलांना वाचून दाखवा.

पोहता येत नसेल तर उडी मारू नका, एकाचे दोन मृत्यू होतात. दोरी, बांबू, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताला लागेल ते टाका. बाहेर काढल्यावर पाठीवर निजवा, हाक मारा, छाती हलते का पाहा. एकाला १०८ वर फोन करायला लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. श्वास नसेल तर पोट दाबू नका, उलटे करू नका. पोटातले पाणी काढण्यात वेळ घालवायचा नाही. बुडालेल्याला कमी पडलेला असतो तो प्राणवायू. डोके थोडे मागे, हनुवटी वर, त्याचे नाक चिमटीत धरा, तोंडाला तोंड लावून दोन श्वास द्या. छाती वर आलेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने, मोठ्या माणसात दोन इंच खोल, लहान मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३०. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. शुद्धीवर आला, उठून बसला, तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते. आणि तोंडाला तोंड लावताना ते कोणाचे तोंड आहे असा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने निदान छातीचे दाब तरी चालू ठेवावेत.

आता त्या माउलीचे उत्तर. घालाच पोराला पोहायला, आणि पोरीलाही. साधारण चार वर्षांपुढच्या मुलाला शिकवता येते. पण आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन तलाव पाहून या. खोल बाजूचा तळ काठावरून स्वच्छ दिसतो का? दिसत नसेल तर मूल उतरवू नका, बुडालेले मूलही दिसणार नाही. त्या दिवशीच्या क्लोरीनची आणि सामूची नोंद फळ्यावर किंवा वहीत आहे का, ते विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे, तलाव पालिकेचा आहे. जीवरक्षक काठावर उभा आहे की कोपऱ्यात मोबाइल बघत बसला आहे? पोरींची वेळ वेगळी असेल तर त्या वेळी शिकवणारी बाई आहे का? शुल्क जास्त वाटले तर चार-पाच घरांनी मिळून नगरसेवकाकडे सवलतीचा अर्ज द्या. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

जुलाब, उघडी जखम, वाहणारा कान किंवा डोळे आलेले असतील तर त्या दिवसांत पाठवू नका. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच पाठवा आणि पाण्यात त्याच्या हाताच्या अंतरावर मोठे माणूस ठेवा. पोहून आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ घाला आणि कान बाहेरून कोरडे करा, काडी घालू नका. नायटा बहुतेक वेळा पाण्यातून लागत नाही, तो एकमेकांच्या टॉवेलातून आणि ओल्या चड्डीतून लागतो. म्हणून पिशवीत प्रत्येकाचा टॉवेल वेगळा द्या.